लंडन नावाचा माझा भाऊ

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला पडद्याचं कापड निवडत होते. पलीकडे भाचा निखिल होता. "आत्या, बाबा गेले गं," म्हणाला. दुपारी जेवून दादा जरा आडवा झाला होता, तो उठलाच नाही. दुकानाचे मालक, वयस्कर सिंधी गृहस्थ, आम्हा भावंडांना कित्येक वर्षं ओळखणारे. माझा चेहरा बघून त्यांनी कापड बाजूला सारलं. "कौन? अपना लंडन?" मी मान हलवली. "अरे साईं… पूरे बाजार में एक ही तो लंडन था," असं म्हणून त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि रिक्षापर्यंत सोडायला आले.

होय, माझ्या थोरल्या भावाचं नाव लंडन होतं. टोपणनाव नव्हे, शाळेत, रेशनकार्डावर, तो कामाला होता त्या आनंदनगरच्या कारखान्यात, सगळीकडे तेच. ठेवलं आमच्या येसूआत्यानं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. दादाचं नाव आजोबांनी 'गजानन' ठरवलं होतं. पण येसूआत्या अंबरनाथला एका साहेबांच्या बंगल्यावर कामाला होती आणि साहेबांचा मुलगा लंडनला शिकत होता. त्याचा विषय निघाला की बाईसाहेबांचा आवाज मऊ व्हायचा म्हणे. तिथे नेमकं काय असतं हे आत्याला ठाऊक नव्हतं. ज्या गावाचं नाव माणसं इतक्या मायेनं घेतात ते चांगलंच असणार, एवढंच तिचं म्हणणं. बारशाला ती वाकली आणि खणखणीत आवाजात 'लंडन' म्हणाली. धपाटे घालणारे हात जागच्या जागी थांबले. "काय बोललीस गो येशे?" आजी ओरडली. "मी तं काय आता जात नाय. माजा भाचा जाईल," आत्या म्हणाली. आजोबांनी पुष्कळ आदळआपट केली, पण आत्यानं कानात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही. शाळेत मास्तर 'गजानन' लिहायला निघाले तेव्हा आजीनंच त्यांना अडवलं.

नावापायी दादाची चेष्टा किती झाली, ते विचारू नका. "काय रे, लंडनहून कधी आलास?" यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "हे काय, आत्ताच उतरलो." पण खरं सांगते, मनातून त्याला ते नाव फार आवडायचं. बाजारात दुकानदार "आओ लंडन!" म्हणून हाक मारायचे तेव्हा त्याची मान जरा ताठ व्हायची. कुठे लंडनचं चित्र दिसलं की समोर उभा राहायचा, आपल्याच घराचा फोटो असल्यासारखा. लहानपणी पालेगावला, आमच्या शेताच्या बांधावर बसून भाकरी खाताना मला सांगायचा, "मी गेलो ना, की तुला बोलवीन. आधी स्वेटर घे." मी खरंच आईकडे स्वेटरसाठी हट्ट धरला होता!

निखिल बदलापूरला फ्लॅट घेऊन स्थिरावला, तेव्हा बापाला म्हणाला, "बाबा, पासपोर्ट काढलाय ना? टूर बुक करतो, तुम्ही आणि आत्या जाऊन या." दादा म्हणाला, पुढच्या वर्षी. मग गुडघा दुखतो. मग थंडी फार असते. एकदा मी चिडून विचारलं, तुला जायचंय की नाही? म्हणाला, "जायचंय गं. रोज जायचंय. पण तिथे गेलो आणि नाही आवडलं तर? जन्मभर ज्याची वाट बघितली, ते पण राहणार नाही मग." मला तेव्हा ते खुळचट वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात निखिलच्या मुलाचं बारसं झालं. सुतक फिटलं होतं, घरच्या घरीच केलं. निखिलला बहीण नाही, म्हणून बाळाच्या आत्याचा मान माझ्याकडे आला. नाव ठरलं होतं 'विहान'. आदल्या दिवसापासून मला एकच घोर… लंडन म्हणून टाकावं का? नाहीतर ते नाव आता आमच्या घरात कोण घेणार? सूनबाईनं ओळखलं असावं. म्हणाली, "आत्या, तुम्हाला वाटलं तर ठेवा बाबांचं."

मी पाळण्यावर वाकले आणि येसूआत्या पहिल्यांदा कळली. तिला जिथे जायचं होतं आणि जाता येणार नव्हतं, ते गाव तिनं भाच्याला दिलं होतं. मला लंडनला जायचं नव्हतं. मला जायचं होतं तिथे आता टॉवर उभे आहेत. तो बांध नाही, ती भाकरी नाही, माझा दादा नाही. धपाटे पडू लागले. मी बाळाच्या कानाला ओठ लावले आणि हळूच म्हणाले, "पालेगाव." मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विहान!"

बायका हसत होत्या, धपाटे चालूच होते, आणि मी रडतेय ते धपाटा जोरात लागल्यामुळे, असं त्यांना वाटलं.