कुठंच न जोडलेला कीबोर्ड

गिरणीत दळण घेऊन गेलं की पिठाबरोबर चार गोष्टी घरी येतात. पीठ संपतं, गोष्टी मात्र साठत राहतात. माझ्याकडं तर डबे भरून आहेत! पण परवा एक गोष्ट अर्धीच हाती लागली.

माझ्यापुढं दोघीजणी उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "ऐकलं का? ती शोभाची कावेरी! आळीतल्या बायकांच्या घरातल्या समद्या गोष्टी तिनं शाळंतल्या कॉम्प्युटरवर टाईप करून..."

आणि गिरणीवाल्यानं पट्टा सुरू केला!

ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येईना. मी दळण तिथंच ठेवलं आणि बाहेर पडले. कारण त्या गोष्टींत एक माझीही होती. पण ते कळायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं.

*

कावेरी आमच्या शेजारच्या शोभाची मुलगी, नववीत आहे. शाळेत कॉम्प्युटर तीन आणि पोरं वर्गभर. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं. माऊसला हात लागणार पाच मिनिटं, तेही नशीब असेल तर.

पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला आपापला पासवर्ड ठरवायला लावला आणि बजावलं, "कुणालाही सांगायचा नाही."

आता शेजारी राहून मला दम निघतोय का? चार दिवस मी शेंगदाण्याचे लाडू पुढं केले. तिनं लाडू खाल्ले, पासवर्ड काही सांगितला नाही.

"अगं, मी काय परकी हाय का?"

"काकू, तुमाला सांगितला तर त्यो माझा कसा ऱ्हाईल? अख्ख्या आळीचा हुईल!"

आमच्या आळीतली ही एकच गोष्ट मला आजतागायत ठाऊक नाही.

*

खंडेनवमीला शेतकरी औतं पुजतो, शिवणारी मशीन पुजते. शाळेनं कॉम्प्युटर पुजायचे ठरवले आणि हळदीकुंकवाचा मान कावेरीला मिळाला.

पोरगी आधीच भाविक. तिनं स्क्रीनला एक बोट लावलं, माऊसला एक लावलं. कीबोर्डवर आली तेव्हा तिच्या मनात आलं, एका अक्षराला लावायचं आणि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसतं का? मग एकेका बटणाला बोट! वर झेंडूचं फूल, अक्षता आणि पळीभर पाणी फिरवलं.

दुसऱ्या दिवशी कीबोर्ड गेला. एक अक्षर उमटेना.

सरांनी कीबोर्ड उलटा करून त्या पिवळ्या-लाल बटणांतल्या अक्षता झाडल्या. मग म्हणाले, "पूजा कुणी केली? तू ना? मग प्रसाद तूच घरी ने!"

*

अशा तऱ्हेनं कावेरी तो कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आली. आणि त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की शाळेचा वार्षिक अंक यंदा मुलांनीच टाईप करायचा. नववीतून एकच जण निवडणार. दिवाळीनंतर परीक्षा. मनातलं एक पान मराठीत टाईप करायचं, बटणांकडं न बघता! जो निवडला जाईल त्याला रोज तासभर एक कॉम्प्युटर एकट्याला!

तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचेना. पण ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांच्यापुढं हिचा टिकाव कसा लागणार? हिच्याकडं काय, तर प्रसाद.

शाळा सुटली की ती तो कीबोर्ड मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर बसायची. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला क, ख, ग. डोळे मिटून टक टक टक.

आळीतली जनाआजी एकदा लोंबणारी वायर उचलून म्हणाली, "ही शेपटी कुठं लावायची गं?"

"कुठंच न्हाई, आजी."

"मंग लिव्हलेलं जातंय कुठं?"

"कुठंच न्हाई."

"कुनालाच दिसत न्हाई?"

"न्हाई."

आजीनं इकडं तिकडं बघितलं, सरकून जवळ बसली आणि म्हणाली, "मंग लिही माझ्या सुनंबद्दल!"

*

मग काय! पुस्तकातले धडे टाईप करून कावेरी कंटाळलेलीच होती. तिला मजकूर हवा होता आणि आळीतल्या बायकांकडं मजकुराला काय तोटा?

शिवणकाम करणाऱ्या हसीनाभाभीनं श्रीरामपूरच्या बहिणीला पत्र सांगितलं. "तुझी बिर्याणी मला कधीच आवडली नाही. लग्नापासून खोटं बोलत आले." चारच दिवसांनी बहीण डबा भरून बिर्याणी घेऊन हजर! भाभीनं दोन ताटं खाल्ली.

मी म्हटलं, "काय हे भाभी?"

"मनातलं सांगून टाकलं ना मंदाताई, आता पोटात जागा झाली!"

शोभा तेवढी काही सांगायची नाही. भिंतीला टेकून बसायची. कावेरी म्हणाली, "आई, तू बी सांग की कायतरी." तर म्हणाली, "मला काय सांगायचं न्हाई. तू नुसतं टकटक कर. बरं वाटतं ऐकायला."

आणि एका दुपारी, ओट्यावर कुणी नाही बघून, मीही सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा. "हे नको, खोड. परत लिही." जे उमटलंच नव्हतं ते पोरीनं तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं!

*

म्हणून गिरणीतनं मी सरळ शाळा गाठली. हाताला पीठ तसंच. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर फळ्यावर दिवाळीनंतरच्या परीक्षेत पोरांनी टाईप केलेले कागद टाचले होते. कावेरीचा शोधला आणि आधी जनाआजीची सून पाहिली. नव्हती. बिर्याणी पाहिली. नव्हती. म्हणजे गिरणीतली बाई चुकली होती. आळीतल्या समद्या गोष्टी नव्हत्याच.

एकच होती.

'माझी काकू सगळ्यांच्या चौकशा करते. लोक हसतात. काका डबा घेऊन कारखान्यावर जातात, दादा पुण्याला असतो. काकू म्हणते, जेवलास का, हे मी घरात कुणाला विचारू?'

खाली आणखी एक ओळ होती. ती मी सांगितलेली नव्हती.

'मला विचारा.'

मागं सर येऊन उभे राहिले. "तुम्ही कावेरीच्या कोण?"

"शेजारीण."

"मग या काकू कोण, ओळखता का?"

"न्हाई बा, सर. आमच्या आळीत लई काकू हायेत."

*

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. कावेरी चपला बाहेर काढून आत आली. काढायच्या नसतात असं नाही, पण एरवी ती काढत नाही.

"काकू, अंक टाईप करायला माझी निवड झाली! रोज तासभर! एकटीला!"

मला बरंच काही विचारायचं होतं. तो कागद, ती ओळ. तोंडातनं आलं ते एवढंच, "जेवलीस का गं?"

ती ताट ओढून खाली बसली. "न्हाई."

भिंतीपलीकडनं शोभाचा आवाज आला, "अवो मंदाकाकू, खोटं बोलतीय ती! आत्ताच दोन भाकरी खाऊन आलीय!"

मी तिसरी वाढली.