गुरुवारची दोन पातेली

मेपल स्ट्रीटवरचं कोपऱ्यातलं घर मार्लिस एगर्सने मनातल्या मनात कितीतरी वेळा लावलं होतं. बैठकीच्या रुंद खिडकीला निळसर पडदे, स्वयंपाकघरात चौकड्यांचे आखूड, वरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. घर कॉलेजच्या मालकीचं. अमेरिकन फुटबॉलच्या, चेंडू हातात धरून पळायच्या खेळाच्या, टीमचा जो मुख्य कोच असेल त्याला ते राहायला मिळायचं. मार्लिसचा नवरा जीन बचावफळीचा कोच होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत चार मुख्य कोच त्या घरात आले आणि खोकी बांधून गेले. दरवेळी मार्लिस त्यांच्या बायकांना निरोपाचा केक घेऊन जायची आणि परतताना खिडक्या नीट बघून यायची.

चौथा गेला तेव्हा टीमकडे बघवत नव्हतं. सबंध मोसमात एकही विजय नाही. शनिवारी सामन्याला आलेले लोक मध्यंतरातच ट्रक काढून घरी मक्याच्या कापणीला लागायचे. हॅडली एवढंसं गाव, त्यात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, की आता जीनच. मार्लिसने मुलाखतीसाठी त्याचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला, कॉलरला आतून सुद्धा.

संध्याकाळी फोन आला. जीनने नुसतं "हो, हो" केलं आणि फोन ठेवला.

"टेक्सासचा आहे कुणी. डेल रास्को. पोरगाच आहे तसा. मला बचावफळीवर ठेवतायत."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ठीक आहे."

"ठीक आहे?"

"अगं, रुतलेला गाडा आहे. बाहेर काढायला तरुण खांदा लागतो. वाढ, भूक लागलीय."

मार्लिसने वाढलं. नवऱ्यावर रागवायची तिला सवय नव्हती. जीनवर रागावणं म्हणजे उशीवर बुक्के मारणं. त्यामुळे तिचा राग जागा शोधत फिरला, आणि दोन आठवड्यांनी त्याला जागा मिळाली. मेपल स्ट्रीटच्या घराचा दरवाजा कुणीतरी पिवळा रंगवला होता. सूर्यफुलासारखा भडक पिवळा. रंगवणारी शिडीवर उभी होती, केस रुमालात बांधलेले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात हलवत होती.

"हाय मॅम! मी शेल्बी रास्को!"

मॅम म्हणे. मार्लिसने हात वर केला न केला आणि गाडी पुढे नेली.

तिच्याकडे एक गोष्ट अशी होती, जी कुठल्याही मुख्य कोचच्या बायकोकडे कधी नव्हती. तिचा गुरुवार. दर गुरुवारी संध्याकाळी बचावफळीची मुलं तिच्या घराच्या तळघरात जेवायची. चिलीचं मोठं पातेलं, खिमा-राजमा-टोमॅटोचं, चमचा उभा राहील इतकं घट्ट, आणि सोबत दालचिनीचे गोड रोल. नेब्रास्कात चिली अशीच खातात, रोल चिलीत बुडवून. फ्लोरिडाहून आलेला डेमेट्रियस पहिल्या वर्षी रोल बघून म्हणाला होता, "मिसेस एगर्स, चुकून केक आणलात वाटतं." आता शेवटच्या वर्षाला तो सहा रोल बुडवून खायचा. मार्लिसला एकच मुलगी, ती ओमाहात, साखर सोडलेली. ही तीस पोरं बूट दारात काढून जिना हादरवत खाली उतरायची तेव्हा मार्लिस वरती ओव्हनसमोर उभी राहून नुसतं ऐकत राहायची.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला आणि जीन बदलला. रविवारीसुद्धा दाढी करायला लागला. जेवताना पूर्वी तो मक्याच्या भावाबद्दल बोलायचा. आता "डेल म्हणतो" सुरू झालं. डेल म्हणतो, मुलांना आधी स्टेडियमच्या पायऱ्या झाडायला लावायच्या, मग चेंडू द्यायचा. डेल म्हणतो, शेवटच्या वर्षाच्या मुलांना कपडे बदलायच्या खोलीतली सगळ्यात वाईट कपाटं द्यायची. डेल म्हणतो, आपली आक्रमणफळी आणि बचावफळी एकमेकांना ओळखतच नाही, बसमध्येसुद्धा वेगळी बसते. एक हरली की दुसरी मनात हसते.

"खरंय ना ते?" जीन म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. लग्नाआधी नाचाच्या हॉलमध्ये मार्लिसकडे बघताना चमकायचे तसे.

मार्लिसने बटाट्यांचं भांडं उचलून नेलं. त्याचं अजून घेऊन व्हायचं होतं.

मग एके दिवशी डेल स्वतः आला. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला, खुर्ची दिली तरी बसेना.

"मॅम, तुमचा गुरुवार मला पाहिजे."

"म्हणजे?"

"सगळ्या टीमसाठी. तुमच्या तळघरात सगळे मावत नाहीत. ल्युथरन चर्चचा हॉल मिळतोय. एका खोलीत बसून जेवली नाहीत, तर मैदानावर एकमेकांसाठी मार कशाला खातील? तुमच्याशिवाय हे होणार नाही. शेल्बी येईल मदतीला."

नाही म्हणायला जागा नव्हती. जीन दारात उभा होता आणि तोंड भरून हसत होता.

त्या बुधवारी शेल्बीचा फोन आला. "मॅम, मी काय करू? सॅलड? मक्याचा ब्रेड? चिली मलाही येते हं, पण आमची टेक्सासची. तिच्यात राजमा नसतो. राजमा घातला तर माझी आजी घराबाहेर काढेल."

मार्लिस आवाजात मध घालून म्हणाली, "तूही कर की चिली. दोन पातेली ठेवू. मुलं निवडतील."

फोन ठेवल्यावर तिने कणीक मळायला घेतली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ मळली.

झालं तिला हवं तसंच. बचावफळीची मुलं हॉलमध्ये शिरली, टेबलावरचं मार्लिसचं पोचे आलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं त्यांनी ओळखलं, आणि सरळ रांग लावली. आक्रमणफळीची मुलं बावरून उभी. मग त्यांचा म्होरक्या कोल्टन, गुरं पाळणाऱ्याचा मुलगा, अदबीने शेल्बीच्या पातेल्याकडे गेला, त्याच्यामागे बाकीचे. जो जिथे वाढून घेईल तो त्याच बाजूच्या टेबलावर बसला. मार्लिस डाव हलवता हलवता तिरक्या नजरेने शेल्बीच्या पातेल्याची पातळी बघत होती. अर्धं परत गेलं. मार्लिसचं खरवडून संपलं. परत येताना गाडीत ती चक्क गुणगुणत होती.

दुसऱ्या गुरुवारी टेबलांमध्ये अंतर पडलं होतं. तिसऱ्या गुरुवारी नावं पडली.

"काय रे, बिनराजम्याचे! दात नाहीत का चावायला?"

"तुम्ही खा राजमा. मैदानावर त्याचाच तेवढा आवाज येतो तुमचा."

हशा पिकला. मार्लिसही हसली. शेल्बी हसली नाही. ती ब्रेडचे तुकडे सारखे करत होती. डेल हॉलच्या दाराशी उभा राहून दोन्ही टेबलांकडे आळीपाळीने बघत होता.

पुढच्या शनिवारी सामना घरच्या मैदानावर होता, आणि पहिल्यांदाच मध्यंतरानंतरही लोक बसून होते, कारण हॅडली पुढे होतं. शेवटची काही मिनिटं उरलेली. कोल्टनच्या हातून चेंडू निसटला आणि समोरच्यांनी तो उचलला. आता बचावफळीने आत जायचं, अडवायचं, बस्स, सामना आपला. आक्रमणफळी बाहेर येत होती, बचावफळी आत जात होती. डेमेट्रियस कोल्टनच्या खांद्याला खांदा घासत म्हणाला, "कोरडी चिली खाल्ली की हाताला पकड राहत नाही, नाही का?"

कोल्टनने त्याला ढकललं. डेमेट्रियसने त्याची जर्सी धरली. दोघं कडेला एकमेकांना ओढत राहिले आणि आत खेळ सुरू झाला. अकरांच्या जागी दहाच. जिथे डेमेट्रियस असायला हवा होता, नेमक्या त्या मोकळ्या जागेतून समोरचा पोरगा चेंडू छातीशी धरून सरळ पळत गेला. त्याला कुणी हात लावला नाही.

लोक उठून गेले. मार्लिस कोचांच्या बायकांच्या रांगेत बसून राहिली, गुडघ्यावर ब्लँकेट. डेमेट्रियस काय बोलला ते तिला खालच्या रांगेतल्या बाईकडून कळलं. "पोरं चिलीवरून भांडली म्हणे," ती बाई म्हणाली, "ऐकलंस का मार्लिस, चिलीवरून!"

रात्री जीन उशिरा आला. कोट न काढताच टेबलाशी बसला. मार्लिस पातेलं घासत होती, घासायची गरज नसताना.

"डेलने विचारलं मला," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यातच. म्हणाला, जीन, तुझी पोरं वेगळी का बसतात? दोन पातेली कुणी ठेवली?"

मार्लिसचा हात थांबला. "मग?"

"मी म्हटलं, मुलांचं आपलं आपण झालं. कुणी ठेवलं-बिवलं नाही."

"खोटं बोललास?"

"बोललो."

जीन एगर्स खोटं बोलत नाही, हे सबंध गावाला माहीत होतं. गाय विकताना तिचं वय एक वर्ष जास्तच सांगणाऱ्या बापाचा मुलगा. मार्लिसच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते असं, की डेलशी! माझ्यासाठी तो डेलशी खोटं बोलला! छाती भरून आली तिची. एवढे महिने तिला जे हवं होतं ते अखेर मिळालं होतं. मग तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता, शाळेत कोपऱ्यात उभं केलेल्या मुलासारखा. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणाबरोबर तरी मनासारखं काम करायला मिळालं होतं, आणि त्यातच तिने ही माती कालवली होती. छाती भरली होती तशीच रिकामी झाली.

"जेवलास?" तिने विचारलं.

"नको."

बुधवारी सकाळी ती मेपल स्ट्रीटला गेली. पिवळा दरवाजा शेल्बीने उघडला, हातात कांदा आणि सुरी. आत एकाही खिडकीला पडदा नव्हता. नेब्रास्काचं सगळं आभाळ त्या घरात शिरून बसलं होतं, आणि ते घराला शोभत होतं. मार्लिसला ते मुळीच आवडलं नाही.

"पडदे नाही लावले?"

"मला उजेड आवडतो, मॅम. बसा ना. कॉफी?"

"बसायला नाही आले." पण ती बसली. "उद्या एकच पातेलं ठेवायचं."

शेल्बीने सुरी खाली ठेवली. "मी थांबवते मग. माझं तसंही परत येतं. डेल सोमवारपर्यंत तेच खातो बिचारा, बोलत नाही. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही निवडू दे म्हणालात. मला वाटलं, इथली रीत असेल."

"रीत नव्हती ती," मार्लिस म्हणाली. तिला पुढचं वाक्य घशातून ओढून काढावं लागलं. "चिली तू कर. मी रोल करते."

"माझी? पण तुमची मुलं..."

"माझ्या पातेल्यात कर. तुझं लहान पडेल." एवढं तरी ती सोडणार नव्हती. "गाडीत आहे. घे उतरवून, जड आहे."

गुरुवारी टेबलावर पोचे आलेलं एकच पातेलं होतं. बचावफळीने सवयीने रांग लावली. डेमेट्रियसने वाटीत चमचा फिरवला, पुन्हा फिरवला.

"मिसेस एगर्स, राजमा कुठंय?"

"नाहीये."

"संपला?"

"घातलाच नाही. मिसेस रास्कोची चिली आहे. घे आणि चालू लाग, मागे लोक उभेत."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला विकून टाकलं होतं. मार्लिसने डाव शेल्बीच्या हातात दिला, स्वतःसाठी वाटी भरली, वर रोल ठेवला, आणि जाऊन कोल्टनच्या शेजारी बसली. आजवर कुठल्याच गुरुवारी ती मुलांबरोबर बसली नव्हती. कोल्टन कोपर आखडून बसला.

"बुडव की," ती त्याला म्हणाली. "रोल आहे, दागिना नाही."

त्याने बुडवला, खाल्ला. भुवया वर गेल्या. डेमेट्रियस वाटी धरून उभाच होता. मार्लिसने समोरच्या रिकाम्या खुर्चीला टेबलाखालून पाय मारला, ती मागे सरकली. तो बसला. मग जिथे जागा मिळेल तिथे इतर बसले, कुरकुरत, एकमेकांच्या कोपरांत कोपरं अडकवत.

मार्लिसने पहिला घास घेतला. चिली चांगली होती. चांगलीच होती. तिखट उशिरा येऊन घशात रेंगाळत होतं. वाईट असती तर तिला हे सगळं किती सोपं गेलं असतं.

मोसमातला शेवटचा सामना गार वाऱ्यात झाला, आणि शेवटचा चेंडू डेमेट्रियसने आडवं पडून अडवला. त्याला हात देऊन उठवायला बाकावरून पहिला धावला तो कोल्टन. हॅडली जिंकलं. एकच सामना, पण गाव असं उठलं जणू राज्य जिंकलं. मार्लिस ब्लँकेटसकट उभी राहिली आणि जीनला शोधू लागली. जीन मैदानातून पळत होता, टोपी उडालेली, गुडघे दुखतात हे विसरून. तो थेट डेलकडे गेला. दोघांनी एकमेकांना उचलायचा प्रयत्न केला. मग कितीतरी वेळाने जीनने वर बायकांच्या रांगेकडे पाहून हात हलवला.

आधी डेल. मग ती. मार्लिसने हे बघून घेतलंच.

"आमचाही आधी तुमच्याकडेच गेला," शेजारून शेल्बी म्हणाली. तिचं नाक थंडीने लाल झालं होतं, आणि आवाजही तसाच बोचरा होता. "घरी काय कमी आहे? उठता-बसता 'जीन म्हणतो, जीन म्हणतो'. परवा वैतागून मी म्हटलं, जा, जीनकडेच जाऊन झोप."

मार्लिस वळली. तिने पहिल्यांदा त्या पोरीकडे पूर्ण बघितलं.

"काय म्हणतो जीन?"

"सगळं. बचाव, हवामान, गाई." शेल्बी घुटमळली. "आणि म्हणतो, बायकोच्या चिलीसारखी चिली जगात नाही. माझी म्हणे जरा कोरडी असते."

मार्लिस मैदानाकडे बघत राहिली. खाली जीन टोपी शोधत होता. तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि तिने तो आवरला.

"असतेच कोरडी," ती म्हणाली. "शेवटी अर्धा पेला पाणी घालत जा. आणि मॅम म्हणणं बंद कर."