दोन वर्षं न विचारलेला प्रश्न

माझ्या पूजेत दोन वर्षं देव नव्हता, हे आधी कबूल करते. आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ झाली की डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान ठेवायचं, आणि पूजा झाली की ते चांदीच्या डबीत घालून परत गळ्यात अडकवायचं. लहानपणापासूनची सवय, त्यामुळे हात आपोआप चालत. मन मात्र महादेवाशी भांडत असे. मी तोंडाची फटकळ, देवालाही सोडत नाही. 'तू माझ्या हातात बसलेला असताना माझं पोरगं गेलंच कसं?' एवढंच रोज विचारायचं, आणि उत्तराची वाट न बघता डबीचं झाकण लावायचं. गाऱ्हाणं घालणं वेगळं आणि भांडून पाठ फिरवणं वेगळं. मी पाठ फिरवली होती.

माझा मुलगा एकतिसाव्या वर्षी गेला. त्यानं स्वतःचा जीव दिला. आज हे वाक्य मी लिहू शकते, तेव्हा ते तोंडातून निघत नव्हतं. दवाखान्यातून घरी येताना मीच आमच्या मालकांना, त्याच्या वडलांना, म्हणाले, "अटॅक आला म्हणायचं." त्यांनी मान हलवली, आणि तेच ठरलं. हुपरीसारख्या गावात काय लपतं? आमच्या गल्लीत घरोघर चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. एका घरात तार ओढतात, दुसऱ्यात कड्या जोडतात, आमच्या घरात घुंगरं बसवतात. माल या दारातून त्या दारात फिरतो आणि त्याच्याबरोबर बातम्याही फिरतात. सगळ्यांना ठाऊक होतं. पण मी अटॅक म्हटलं म्हणून सगळे अटॅक म्हणाले. आमची माणसं तशी बोलायला जबर. कुणाचं ऑपरेशन कुठं झालं आणि कुणाच्या सुनेचं सासूशी का पटत नाही, हे भर रस्त्यात ओरडून विचारतील. ह्या एका गोष्टीपाशी मात्र सगळ्या गल्लीचा आवाज बसायचा. आमच्या आधी दोन घरांत असाच 'अटॅक' आला होता, आमच्यानंतर आणखी एका घरात. सगळी तरणी पोरं. प्रत्येक वेळी आम्ही जाऊन बसायचो, चहा घ्यायचो आणि खाली बघत उठायचो.

माझी सून अश्विनी माहेरी गेली नाही. तिचे वडील दोनदा न्यायला आले, पण ती म्हणाली, "आत्तींना सोडून येत न्हाई." आमच्या बाजूला सुना सासूला आत्ती म्हणतात. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानात तिच्या तोंडाकडं बघायचं राहून गेलं. ती काम चोख करायची. समोरासमोर बसून आम्ही घुंगरं बसवायचो आणि दिवसभरात दहा वाक्यंही बोलायचो नाही. मला वाटायचं, पोरगी शहाणी आहे, हळूहळू सावरतेय. मधल्या काळात तिची भूक गेली, केस विंचरायचं राहू लागलं. मी त्याला उन्हाळा म्हणाले, अशक्तपणा म्हणाले, एकदा तर आळस म्हणाले. नाव शोधून द्यायला मी पहिल्यापासूनच हुशार.

एका सोमवारची गोष्ट. मालक माल घेऊन बाहेरगावी गेले होते. मी कोल्हापूरला निघाले होते, मंगळवार पेठेतल्या एका मठात. तिथले वृद्ध स्वामी मनातलं ऐकून घेतात असं कुणीतरी सांगितलं होतं. देवानं उत्तर दिलं नाही, आता स्वामींना विचारू, असा माझा हिशेब. मी चप्पल घालत असताना अश्विनी आली आणि तिनं माझ्या हातात तिच्या लिंगाची डबी ठेवली, गळ्यातल्या गोफासकट. "आत्ती, हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आता माझी चूक ऐका. चांदीच्या घरातल्या बाईच्या हातात चांदी आली की तिची नजर आधी चांदीवर जाते. डबी काळी पडली होती. मला वाटलं, उजळायला दिली. मनात चरफडलेसुद्धा, की घरात पॉलिशचं सगळं सामान असताना हिला ऐन निघायच्या वेळी सुचलं! डबी कमरेच्या पिशवीत टाकली आणि स्टँड गाठलं.

एसटीत माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. साठीच्या आसपास, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, आवाज खणखणीत. बसल्या बसल्या त्यांनी खिडकी उघडायला लावली, कंडक्टरला गाडी वेळेवर का सुटत नाही ते विचारलं, आणि मला कुठं निघाला म्हणून विचारलं. मी तुटक उत्तर दिलं. गाडी गावाबाहेर पडली तशी मला ती काळी डबी आठवली. हाताला चाळा म्हणून मी ती काढली आणि पदरानं घासायला लागले. त्या बघत होत्या.

"अक्का, लिंग हाय न्हवं ह्यात? कुणाचं?"

"सुनेचं. उजळायला दिलंय."

"गळ्यातनं काढून दिलंय?" त्या माझ्याकडं वळल्या. "मी सरकारी दवाखान्यात सिस्टर हुतो, तीस वर्सं. तुमच्या बायका ऑपरेशनला बी काढू द्यायच्या न्हाईत. हाताला बांधून आत न्यावं लागायचं. काय म्हनली देताना?"

मी सांगितलं. त्या माझ्याकडं सरकल्या. मग तोच खणखणीत आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरात कोन हाय तिच्याजवळ?"

कुणी नव्हतं. तिचा नवरा कुठं असतो, असं त्यांनी विचारलं. दोन वर्षांत शंभर वेळा म्हटलेलं वाक्य तोंडावर आलं, "अटॅकनं गेला." त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, घाईनं नाही. वॉर्डात रोग्याची नाडी धरून बसावं तसं त्यांनी माझं मनगट धरलं होतं. आणि भरल्या गाडीत, पुढच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "न्हाई. त्यानं जीव दिला."

म्हटलं, आणि त्याच क्षणी हातातल्या त्या डबीचा अर्थ मला कळला. जिवात जीव असेपर्यंत लिंगायत माणूस लिंग अंगावेगळं करत नाही. माझ्या आईनं, आजीनं हेच शिकवलं, मी हेच अश्विनीला सांगत आले. आणि माझ्याच सुनेनं ते माझ्या हातात ठेवलं, तेव्हा मी त्यात चांदीचा काळेपणा बघितला. मी उठून उभी राहिले. बाईंनी कंडक्टरला ओरडून गाडी थांबवली, आणि मला म्हणाल्या, "आधी फोन लावा. उचलला की ठिवू देऊ नगा."

पहिल्यांदा तिनं उचलला नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती रिंग ऐकताना मी दोन वर्षांत पहिल्यांदा देवाला काही मागितलं. भांडण नाही, जाब नाही, शब्दसुद्धा धड नव्हते. नुसतं 'बाबा, बाबा' चाललं होतं. दुसऱ्यांदा तिनं उचलला. बाईंनी खुणेनं सांगितलं, बोलत राहा. मी तिला शेजारच्या काकूंना बोलावून दारात बसायला सांगितलं, घोटाळा झालाय, मी परत येतेय म्हणाले. तिनं काकूंना हाक मारली. रिक्षा मिळाली, त्या बाई न विचारता माझ्याबरोबर चढल्या, आणि सगळ्या रस्त्यात फोनवर मी अश्विनीशी काय बोलले ते आजही मला आठवत नाही. भिजत घातलेल्या डाळीबद्दल काहीतरी होतं, आणि तिच्या लग्नातल्या जेवणाबद्दल. ती 'हूं' म्हणायची आणि त्या प्रत्येक 'हूं'साठी मी मनातल्या मनात डोकं टेकायची.

ती उंबऱ्यावर बसली होती, फोन कानाला, शेजारी काकू. मी तिच्यासमोर बसकण मारली, पण तोंड उघडेना. विचारलं तर तिच्या डोक्यात नाही ते भरेल, अशी धास्ती. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "इचारल्यानं कुनी मरत न्हाई अक्का. सरळ इचारा."

"अश्विनी, जीव द्यायचं मनात हाय काय तुझ्या?"

तिनं कानाचा फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "व्हय आत्ती." आणि जो बांध फुटला तो फुटलाच. रडता रडता ती जे बोलली ते मी देवासमोर बसल्यासारखं ऐकलं. "तुम्ही अटॅक म्हनलासा. मग मी कशासाटी रडू? अटॅकनं गेलेल्या मान्साच्या बायकूगत रडायचं? मला तर रोज वाटायचं, माझ्यामुळं गेलं. कुनी इचारलंच न्हाई की मला. दोन वर्सं."

मुलाची अब्रू झाकायला घातलेलं पांघरूण मी त्या पोरीच्या तोंडावर दाबून धरलं होतं. मी तिला पोटाशी घेतलं आणि म्हणाले, तुझ्यामुळं गेला नाही, तो आजारी होता आणि आपल्यापैकी कुणालाच ते ओळखता आलं नाही. हे मी तिला सांगत होते, पण ऐकत मीही होते.

त्याच दिवशी बाई आम्हा दोघींना कोल्हापूरला दवाखान्यात घेऊन गेल्या. मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंनी अश्विनीचं तासभर ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि सध्या तिला एकटं ठेवायचं नाही असं मला बजावलं. संध्याकाळी निघताना मी त्या बाईंच्या पाया पडायला वाकले. म्हणाले, माझ्या महादेवानंच तुम्हाला धाडलं. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं.

"मला कुनी धाडलं न्हाई. नंदेकडं गेलतो हुपरीला, परत चाललो हुतो. आमी बौद्ध हाय अक्का, देवाबिवाचं मला काय सांगू नगा," त्या हसत म्हणाल्या. "डॉक्टरची तारीख चुकवू नगा, येवढं करा."

मी वाद घातला नाही. त्यांना त्यांचं खरं, मला माझं. देवाला न मानणाऱ्या बाईच्या हातून देवानं माझं घर राखलं, असं मी धरून चालते, आणि ह्यात चमत्कार किती आणि योगायोग किती हे मोजायला बसत नाही. मठात मी पुढं कधीतरी गेले, स्वामींना नमस्कार करून आले. विचारायचं काही शिल्लक नव्हतं.

मालक परतल्यावर आम्ही तिघांनी बसून ठरवलं की आता खोटं बोलायचं नाही. पहिल्यांदा मी गल्लीतल्या बायकांसमोर सांगितलं तेव्हा घुंगरांचा आवाज थांबला. मला वाटलं, आता उठून जातील. कुणीच उठली नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातली एक बाई भर दुपारी आली आणि म्हणाली, माझा धाकटा भाऊही अटॅकनं गेला नव्हता. नंतर आणखी एक आली, तिची लेक आठ दिवस जेवत नव्हती. अश्विनीनं तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आणि स्वतः बरोबर गेली. आता सोमवारी दुपारी चार-पाच जणी आमच्या पुढच्या सोप्यात काम घेऊन बसतात. रडणं असतं, पण चेष्टाही भरपूर असते. आमच्या गावाचा मूळचा मोठा आवाज परत आला आहे. कुणी गप्प गप्प दिसलं की आता सरळ विचारतात. एक मूल जातं तेव्हा एक घर नाही, सगळी गल्ली आतून पोकळ होते, हे आम्ही फार उशिरा ओळखलं. पण ओळखलं.

अश्विनी पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी पूजेनंतर मी तिला तोच प्रश्न विचारते. बहुतेक दिवशी ती "न्हाई" म्हणते. एखाद्या दिवशी म्हणते, "आलतं मनात. मगाशी. तुम्ही आलासा न्हवं, मग गेलं." त्या दिवशी आम्ही काम बाजूला ठेवतो.

परवा मी विचारलं, ती न्हाई म्हणाली. मग हातातलं काम तसंच धरून तिनं मला विचारलं, "आनि तुमच्या मनात, आत्ती?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मालकांनी नाही, त्या बाईंनीही नाही. मी घरातली खंबीर. मुलगा गेल्यापासून किती सकाळी डोळे उघडू नयेत असं वाटलं होतं, ते माझं मलाच मी सांगितलं नव्हतं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि रोजच्यासारखं काहीतरी फटकळ बोलून विषय उडवणार होते. पण तिनं माझं मनगट धरलं होतं.

"व्हय," मी म्हणाले.

"मग पुढच्या तारखेला दोघी दाखवू," ती म्हणाली, आणि माझे डोळे तिनंच पदरानं पुसले. आमच्यात भक्ताला शरण म्हणतात. आयुष्यभर तो शब्द मी म्हणत आले, पण शरण जाताना आधी आपल्याला काय होतंय ते कुणापुढं तरी खरं सांगावं लागतं, हे मला माझ्या सुनेपाशी कळलं. महादेवा, तुझे उपकार. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत.