काताचा डाग

ससाणाकाकूंचं तोंड कायम लाल असायचं आणि ते मिटून ठेवावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ओठ लाल, दात लाल, हसल्या की पार पडजिभेपर्यंत लाल. कोराडीच्या वीज केंद्राच्या आमच्या कॉलनीत चिमणीची राख सगळ्यांवर सारखीच पडायची. वाळत घातलेली धुणी, पापड, माणसं, सगळंच करडं व्हायचं. त्या करड्या वस्तीत काकूंचं तोंड तेवढं रंगीत. एकदा गणपतीत बायकांचा फोटो काढायला फोटोग्राफर आला आणि काकूंना म्हणाला, "बाई, जरा तोंड मिटा." काकूंनी होतं त्याहून मोठं उघडलं. "माहं तोंड हाये, मी उघडीन. तू आपला डबा उघड!" तो फोटो पुढे बरीच वर्षं कॉलनीच्या क्लबात होता. बाकीच्या बायका परीक्षेला बसल्यासारख्या गंभीर आणि मधोमध काकू खदखदून हसताहेत.

काका कोळसा विभागात होते. बोलायचे कमी, आणि बायकोपुढे तर त्याहून कमी. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून बिचारी पोरांची कॉमिक्स वाचून मन रमवते, अशी शेजारच्या बायकांची समजूत होती. काकूंच्या कानावर ती गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरगं असतं तरी वाचलंच असतं. त्याच्या हातातलं हिसकून वाचलं असतं." चाळिशीची बाई उघड्यावर, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसून चित्रांचं पुस्तक वाचते याचं लोकांना हसू यायचं. काकूंना लोकांचं हसू यायचं. हिशेब बरोबर होता.

कॉमिक निघायचं हिंदीत, नाव 'नीला शिकरा'. काकू ते रविवारी आम्हा पोरांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या, पण हिंदीत नव्हे. डोळे हिंदीवर आणि तोंडातून वऱ्हाडी, अशी त्यांची रीत होती. शिकरा म्हणजे काय ते कोणाला कळेना, म्हणून पहिल्याच रविवारी त्यांनी त्याचा निळा ससाणा करून टाकला आणि आम्ही त्यांची ससाणाकाकू केली. त्यांचा ससाणा गच्चीवरून उडी मारायचा आणि खालच्या गुंडाला विचारायचा, "काहून बे, म्हातारीची पिशवी घेऊन कुठं चालला?" गोळी सुटली की काकूंच्या गालातला विडा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचा, तेवढ्यात आमचा श्वास अडकायचा.

हा ससाणा भट्टीवरचा कामगार होता. भट्टी फुटली तेव्हा सोबत्यांना बाहेर काढताना त्याचा डावा गाल जळाला, आणि त्याच आगीतून त्याला उडण्याची ताकद आली. तो मुखवटा घालत नसे. एका अंकात सावकार त्याला विचारतो, एवढं वाकडं तोंड घेऊन फिरतोस, झाकत का नाहीस? त्यावर काकूंचा ससाणा म्हणाला होता, "तोंड तू झाक. चोरी तू केली." पुढे हिंदी नीट यायला लागल्यावर मी तो अंक पुन्हा चाळला. हे वाक्य त्यात कुठंच नव्हतं.

ते वाक्य कोणासाठी होतं हे मला तेव्हाही कळलं होतं. घरातला स्टो भडकून माझाही गाल जळाला होता, तोही डावाच. मी वर्गात डावी बाजू भिंतीकडे करून बसायची. फ्रॉकच्या खिशात रुमाल असायचा. कोणी नवीन माणूस भेटलं की तो गालाला लावायचा आणि दाढ दुखते म्हणून सांगायचं. आईनंच शिकवलं होतं. तिचा जीव तुटायचा म्हणून शिकवलं, हे आता समजतं. पण सावकाराचा अंक ऐकल्यानंतर शाळेत एका मुलीनं "तोंड झाक न वं" म्हटलं, तेव्हा मी तिला म्हणाले, "तोंड तू झाक." चोरीचं पुढचं म्हणायला जमलं नाही. तरी त्या दिवसापासून रुमाल खिशातच राहू लागला.

मग कॉमिक बंद पडलं. का ते कोणाला ठाऊक नाही. दोनेक उन्हाळे काकू जुनेच अंक नव्या मारामाऱ्या घालून वाचत राहिल्या. आणि एके दिवशी जाहिरात झळकली, नीला शिकरा पुन्हा येतोय, नव्या रूपात, अंक पहिला! काकू स्वतः बसनं नागपूरला, सीताबर्डीच्या बाजारात गेल्या आणि अंक पदराखाली धरून आणला, राख लागू नये म्हणून. टाकीच्या ओट्यावर त्या दिवशी मोठी माणसंही आली होती. काकासुद्धा जेवणाचा डबा हातात घेऊन उभे होते.

पहिल्या पानापासून काकूंचा आवाज अडखळू लागला. नवा शिकरा भट्टीवरचा नव्हता, तर कारखान्याच्या मालकाचा मुलगा होता. भट्टी फुटते तेव्हा तो विमानात असतो. त्याला चकचकीत मुखवटा होता. शेवटच्या पानावर तो आरशासमोर उभा राहून मुखवटा काढतो, आणि खाली गोरापान, तुकतुकीत चेहरा, साबणाच्या जाहिरातीतला असावा तसा.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. "अबे, काय स्मार्ट दिसून राहिला!" आमच्यात सगळ्यात वांड होता गज्या, त्यानं अंक काकूंच्या हातातून जवळजवळ ओढलाच. "हाच खरा हिरो! पहिलेचा तर भुतासारखा दिसे."

आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण गज्याच्या शेजारी मी बसले होते. गज्याच्या मनात काही नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. माझा हात आपोआप खिशात गेला आणि रुमाल गालावर आला. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी अंक मिटला, विडा थुंकला आणि म्हणाल्या, "उद्या या सगळे. आज वाचन झालं नाई."

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चाल वं नंदे." आई म्हणाली, तिची दाढ दुखते. "माह्याही दुखून राहिल्या," काकू म्हणाल्या, "मी काय घरी बसली?" आणि मला हाताला धरून घेऊन गेल्या.

ओट्यावर त्यांनी अंक उघडला. पानं एकमेकांना चिकटली होती, ती सोडवताना चर्र आवाज येत होता. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत, जिथं जिथं तो तुकतुकीत चेहरा होता, तिथं तिथं डाव्या गालावर तपकिरी-लाल डाग होता. मुखवट्यावरसुद्धा. काकूंनी पानाच्या डब्यातला भिजवलेला कात बोटानं लावला होता. चित्र लहान असेल तिथं करंगळीनं, मोठं असेल तिथं अंगठ्यानं.

"काकू, अंक खराब केला न तुम्ही!" गज्या ओरडला.

"खराब? दुरुस्त केला. छापणारे घाईत होते, राहून गेलं त्यांच्यानं."

"पण त्यांनी तसंच काढलं हाये. कंपनीनं!"

"कंपनीले इचारलं होतं का मी? त्यांनी मले इचारलं का? मंग! त्यांच्या गावात कसाही फिरो. आपल्या कॉलनीत यायचं असंल तर आपला गाल घेऊन यायचं."

काका मागून हळूच म्हणाले, "मले विडा नाई भेटला काल. सगळा कात ससाण्याले गेला." काकूंनी लक्ष दिलं नाही. वाचायला लागल्या. मालकाचा मुलगा बाद झाला, विमान बाद झालं, चित्रं नवी आणि ससाणा जुना. आरशाच्या पानावर त्यांनी मुखवटा काढायला लावलाच, पण ससाणा आरशाला म्हणाला, "पाहून घे नीट. हाच मी हावो." मी रडले. रुमाल डोळ्यांना लावला, म्हणजे गाल उघडाच राहिला, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तो रुमाल पुढे गालावर परत गेला नाही.

त्यानंतर दर महिन्याचा अंक आधी काताच्या हाताखालून जायचा आणि मग आमच्याकडे यायचा. काही महिन्यांनी लहान पोरांना तो डाग छापीलच वाटू लागला. आणि मोठ्या पोरांनाही, कारण दिवाळीत गज्या काटोलला मामाकडे गेला तो ओठ सुजवून परत आला. मामेभावाकडे पहिला अंक होता, स्वच्छ, नवाकोरा. गज्यानं तो पाहिला आणि सरळ सांगितलं, हा नकली आहे. मामेभाऊ म्हणाला दुकानातून आणलाय. गज्या म्हणाला, दुकानदारानं तुला गंडवलं. संत्र्यांच्या ढिगाऱ्यावर दोघांची जुंपली.

"अबे, तुलेच तर थो स्मार्ट वाटत होता," मी म्हटलं.

गज्यानं सुजल्या ओठानं उत्तर दिलं, "गालावर डाग नाई तर थो ससाणा कायचा?"

काकूंना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. गज्याच्या ओठाला त्यांनी स्वतः हळद लावली.

काका निवृत्त झाले आणि ते दोघं काटोलजवळ आपल्या गावी गेले. मी कॉलेजात असताना काकूंना धंतोलीच्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांनी विडा बंद केला होता आणि काकूंनी डॉक्टरांशी बोलणं. मी गेले तर त्यांनी माझा गाल बोटानं चाचपून पाहिला. "मस्त हाये," म्हणाल्या, "कोनाले पुसू देऊ नको." तीच शेवटची भेट.

तेरवीला मी गावी गेले. ओसरीत फोटो ठेवला होता, हार घातलेला. नागपूरच्या फोटोग्राफरनं मोठा करून, रंग भरून दिलेला. क्लबातल्या त्याच फोटोतल्या एकट्या काकू होत्या, पण मी ओळखलंच नाही. ओठ फिक्कट गुलाबी, दात पांढरेशुभ्र. पाहुण्या बायका म्हणत होत्या, किती सोज्वळ दिसते. बाई मेली तेवढं पुरलं नव्हतं, वरून तिला पुसूनही टाकली होती.

फोटोपुढे नैवेद्याच्या ताटाशेजारी पानाचा डबा होता. काकांनी सकाळी कात भिजवला होता, तिला लागतो म्हणून. मी सगळ्यांच्या देखत वाटीत बोट बुडवलं आणि काचेवरून काकूंच्या ओठांना लावलं. कोणीतरी म्हणालं, "काय करून राहिली ही पोरगी! कोन हाये वं ही?"

खांबाला टेकून बसलेले काका उठले. फोटोजवळ आले, चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"दातालेही लाव वं थोडा," ते म्हणाले.

मी दातांनाही लावला.