हँडल खाली येऊ दे

फेब्रुवारी १९७३, सोमवार. सकाळच्या एसटीने देवळालीहून राहुरीला गेले. कालव्याच्या सर्व्हे ऑफिसात माझा पहिला दिवस होता...

माझे मिस्टर त्याच ऑफिसात होते. डिसेंबरात टेबलावर काम करता करताच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जीपमधून नगरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. साहेबांनी खटपट करून त्यांच्या जागेवर मला तात्पुरतं घेतलं. मी मॅट्रिक होते आणि आकड्यांची भीती नव्हती, एवढंच.

परवा घरातला जुना कॉम्प्युटर सुरू होता होता अडकला, तेव्हा तो दिवस आठवला. आजवर कुणाला सांगितला नव्हता.

ह्यांचं काम आकडेमोडीच्या मशीनवर असायचं. टाइपरायटरएवढं लोखंडी धूड, वर आकड्यांच्या खिट्ट्या, उजवीकडे हँडल. खिट्ट्यांवर आकडा लावायचा आणि हँडल फिरवायचं. चौतीसने गुणायचं तर दशकाचे तीन फेरे, एककाचे चार... किती फेरे झाले ते एका छोट्या खिडकीत दिसायचं. ऑफिसात ते फक्त ह्यांनाच चालवता यायचं.

मी दारात पोचले तेव्हा आत एक क्लार्क म्हणत होता, "मशीन पण सुतकात बसलंय म्हणायचं." मग त्याने मला पाहिलं आणि फाईलमध्ये डोकं घातलं.

हे गेले त्या दिवसापासून मशीन चालत नव्हतं. खिट्ट्या हलत नव्हत्या, आकडे शून्यावर येत नव्हते. कुणीतरी हँडल मागे नेऊन पाहिलं, तेही जाईना. मोडेल म्हणून साहेबांनी सगळ्यांना हात लावायची बंदी केली.

हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाले, की मशीन उद्या जीपने पुण्याला दुरुस्तीला जाणार. "ते येईपर्यंत ह्या टेबलाला काम नाही, बाई. तुम्हाला अकोल्याच्या ऑफिसात जावं लागेल."

घरी मुलगी दहा महिन्यांची होती. हे गेल्यापासून सासूबाई अंथरुणावरून उठत नव्हत्या. अकोल्याला जायचं म्हणजे नोकरी सोडायची... मी फक्त "बरं" म्हटलं.

दुपारच्या सुट्टीत सगळे स्टँडवर चहाला गेले. मी मशीनजवळ गेले तसा सखाराम शिपाई दारातून म्हणाला, "वहिनी, जोर नका लावू. आतल्या चाकांचं दात तुटत्याल म्हनले सायेब." जरा थांबून म्हणाला, "त्या दिवशी मीच झाकून ठिवलं. कागदबी तसाच हाय खाली. उचलू वाटंना." मग तोही निघून गेला.

मी कव्हर काढलं. हँडल सरळ वर उभं होतं.

कामाची घाई असली की ते रविवारी मशीन घरी आणायचे. ताट वाढून हाक मारली तरी लगेच उठायचे नाहीत. "थांब, हँडल खाली येऊ दे." मी चिडायचे. मग हँडललाच वाढायला सांगा, असंही एकदा म्हटलं होतं. पण फेरा पुरा होऊन हँडल खालच्या खाचेत बसल्याशिवाय ते उठल्याचं मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि इथे हँडल वर होतं. छोट्या खिडकीत तीनचा आकडा होता, शेजारी एक अर्धा गेलेला आणि दोन अर्धा आलेला... म्हणजे ह्यांच्या छातीत कळ आली ती ह्याच फेऱ्यात.

मशीन बिघडलेलं नव्हतं. फेरा राहिला होता. मी हँडल धरलं आणि पुढे नेलं. जोर लावावाच लागला नाही. खट् आवाज झाला आणि ते खाली खाचेत बसलं. खिडकीत बत्तीस.

कव्हरखाली ह्यांचा कागद होता. शेवटच्या ओळीत २६८ गुणिले ३४, पुढे कोरं. दोन फेरे बाकी होते, ते मी दिले. उत्तर आलं ९११२. त्यांच्या ओळीत लिहिलं. त्यांच्या आकड्यांशेजारी माझे फार मोठे दिसत होते.

मग शून्य करायचं होतं. हात होईना... पण मशीन चालतं हे दाखवायचं तर करणं भाग होतं. केलं.

सुट्टीनंतर हेडक्लार्कनी स्वतः दोन फेरे फिरवून पाहिले आणि पुण्याची चिठ्ठी फाडून टाकली. रिटायर होईपर्यंत मी त्याच खात्यात राहिले. सखारामने ते जसंच्या तसं झाकून ठेवलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार नंतर बऱ्याचदा आला. त्याला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं...

त्या दुपारी सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. हँडल खाली आहे ना ते एकदा पाहिलं, आणि मशीनशेजारीच डबा उघडून जेवायला बसले.