भिरभिरं फिरत राहिलं...

बोलता बोलता एखादं मूल क्षणभर थांबतं. डोळे उघडेच, पण ते तिथे नसतं... मग कुठे जातं? मी बालरोगतज्ज्ञ आहे, तरी मला हे सांगता येत नाही.

मुलांच्या मेंदूविकारांचं पुढचं शिक्षण घ्यायला मला सीट मिळाली होती. अजून तीन वर्षं, लांबच्या शहरात. घरात मी पहिलीच ग्रॅज्युएट. बाबांनी इथेच, भिवंडीतल्या टेमघरला माझ्या क्लिनिकसाठी गाळाही बघून ठेवलेला. "डॉक्टर झालीस ना? मंग अजून काय शिकाचं हाय?"

सीट सोडायचं मीही जवळजवळ मान्य केलं होतं.

मागच्या महिन्यात भिवंडीतल्या आमच्या ओपीडीत आठ वर्षांची जोया आली. शाळेची तक्रार होती, वर्गात तंद्रीत असते. मी डोळे तपासायला सांगितलं आणि म्हटलं, "होतं असं या वयात."

गेल्या आठवड्यात तिचे अब्बू तिला पुन्हा घेऊन आले. ते पॉवरलूम चालवतात. "मॅडम, ये तंद्री नहीं है. लूम चलता रहता है, आवाज भी बराबर, पर सूत का एक तार टूटा रहता है. देखने से ही समजता है. इसका वैसाच है... निवाला हाथ में, और ये गायब."

मी जोयाच्या हातात कागदी भिरभिरं दिलं. "थांब म्हणेपर्यंत फुंकत राहायचं."

"ये तो छोटे बच्चों का है!" ती हसली आणि फुंकू लागली.

दोनेक मिनिटांनी फुंकर थांबली. पापण्या हलक्या फडफडत होत्या. भिरभिरं एकटंच फिरत राहिलं, मंद झालं, थांबलं... बाहेरचा गलका कुठेतरी लांब गेल्यासारखा वाटला. मग ती पुन्हा फुंकायला लागली, मधे काही घडलंच नाही अशी.

ही फिट होती, म्हणजे आकडी. न पडता येणारी, भराभर फुंकलं की कधी कधी समोरच दिसणारी. पुस्तकात वाचलेली, पण महिन्याभरापूर्वी समोर बसलेली मला दिसली नव्हती.

तिला मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवायची चिठ्ठी लिहिली आणि अब्बूंना सॉरी म्हटलं. ते हसले. "मेरी भी नजर बैठने में साल लगे, मॅडम."

घरी येऊन बाबांना जोयाची गोष्ट सांगितली. ते एवढंच म्हणाले, "शिकून हितंच येशील ना?"

"हो."

काल सीट स्वीकारली. कागद जमा करून आले.