नवरीच्या पुढच्या बटा

पहिली बट कापली आणि माझ्या हातून चूक झाली, हे मला घमेल्यात दिसलं.

घमेल्यात रिठ्याचं पाणी होतं. कापलेली बट त्यात पडली. वर तेलाचा तवंग आला आणि बट आखडायला लागली. बघता बघता वरचा सगळा भाग स्प्रिंगसारखा गोल झाला. फक्त खालचं टोक सरळ राहिलं. म्हणजे मी चांगला केस कापला होता. आणि तसंच सगळं डोकं चार बोटांवर कापायला निघाले होते.

ही मुरुडची गोष्ट, साठ सालाच्या आसपासची. मी मुंबईला एका मॅडमच्या पार्लरमध्ये नऊ वर्षं काम करून गावी परत आले होते. बायकांचे केस कापणारी बाई मुरुडात दुसरी नव्हती. माझ्यासमोर बसलेली नवरी अमीना, जंजिऱ्याच्या सिद्द्यांची मुलगी, केस जन्माचे कुरळे. तिचा मामू बोटीवर खलाशी. त्याने कुठल्याशा बंदरातून केस सरळ करायच्या लेपाचा डबा आणला आणि तिच्या आईने, हमीदाबीने, तो मुलीला फासला. अमीनाला ते आवडलं नाही. पुन्हा लावून घेतला नाही. मुळातून कुरळे यायला लागले आणि खाली सरळ शेपट्या राहिल्या. आता लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

लेपाने मेलेला केस पुन्हा कुरळा होत नाही. कापावाच लागतो. प्रश्न एवढाच, की कुठून. मी पुढची बट धरली. ती मुळापासून चार बोटांवर सरळ झाली होती. पाणी लावलं, तरी सरळच. हमीदाबीला विचारलं, "लेप लावून किती दिवस झाले?"

"झाले असतील काही महिने."

"मग चार बोटं ठेवून बाकी सगळं जाणार."

"बोडक्या डोक्याची नवरी पाठवू?" हमीदाबी म्हणाली. "टायफॉइडने केस गेलेली पोरगी गळ्यात मारली म्हणतील. लग्न मोडतील, काशीबाय."

तरी मी मानेजवळची एक बट कापली. पुढचं वर सांगितलंच आहे.

चूक कशी झाली ते सांगते. आमच्याकडे नवरीला आठवडाभर आधीपासून तेल चोपडतात. अमीनाच्या डोक्यात एवढं खोबरेल होतं, की पाणी वरच्या वर घरंगळत होतं. तेलाच्या वजनाने कुरळा केसही झोपतो. मॅडम म्हणायची, आधी शाम्पू, मग डोळे. मी आधी डोळे लावले.

कात्री खाली ठेवली. रिठ्याने तिचं डोकं तीनदा धुतलं आणि ओल्या केसांत बोटं घातली. मागचे केस वीतभर छान कुरळे होते. मग सगळीकडे एकाच ठिकाणी रेघ ओढल्यासारखे सरळ. हा लेप. लेप सगळ्या डोक्याला सारखाच लागतो. पण कपाळावरच्या आणि कानांजवळच्या बटांचं काही खरं नव्हतं. एक सरळ, शेजारची अर्धी कुरळी, टोकं खरखरीत, त्यांवर पांढरे ठिपके, ओढलं की तुटत होती. हे लेपाचं काम नव्हे. हे गरम लोखंडाचं.

"लेप लावून दीड वर्ष झालं," अमीना म्हणाली. "अम्मीला महिने मोजता येत नाहीत."

"आणि चिमटा कोणी लावला?"

हमीदाबी खिडकीबाहेर बघायला लागली.

"अम्मीने," अमीना म्हणाली. "चुलीत तापवून. पोराकडचे बघायला आले तेव्हा. आणि मग ते आले त्या दर खेपेला."

"फक्त पुढेच?"

"मागे ओढणी असते," हमीदाबी म्हणाली. "मागचं कोण बघतो? उगाच हात कशाला भाजून घ्यायचे?"

मला हसू आलं. अमीना तर इतकी हसली, की मला तिचं डोकं धरून ठेवावं लागलं. हमीदाबीच्या आळसाने पोरीचे केस वाचले होते. पुरतं डोकं भाजलं असतं तर मला काही करता आलं नसतं.

लेपाची रेघ होती तिथून खालचं सगळं कापलं. वीतभर केस राहिले. पुढच्या भाजलेल्या बटा त्याहून वर कापल्या नाहीत, नाहीतर कपाळावर चार बोटंच उरली असती. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या ओल्या करून चिंध्यांवर गुंडाळून ठेवल्या. सकाळी सोडल्या तर मागच्या केसांत मिसळून गेल्या. छोटा अंबाडा बसला, त्यावर गजरा माळला. टायफॉइडचं नाव कोणी काढलं नाही. सासूने अंबाडा चाचपला आणि विचारलं, "हे खरे आहेत का?" अमीना म्हणाली, "ओढून बघा." सासूने खरंच ओढून बघितलं. लग्न लागलं.

त्या बटा पुढे वर्षभर थोड्या थोड्या कापून काढल्या. तेव्हापासून मी तेलकट डोक्याला कात्री लावली नाही, आणि केसांबद्दल आईला विचारलं तर मुलीलाही विचारलं.

मानेजवळची ती बट भरून यायला दीड वर्ष लागलं. हमीदाबी वारली त्याला बरीच वर्षं झाली. अमीना आणि मी आहोत.